जुन्या चष्म्याच्या काचांचे करायचे काय?

डोळ्यांचा नंबर बदलला की नवा चष्मा येतो. जुना फेकवत नाही, म्हणून तो डबीसकट कपाटाच्या खणात जाऊन बसतो. दोन वर्षांनी त्याच्या शेजारी दुसरी डबी येते. आजी-आजोबा, आई-बाबा आणि शाळेत जाणारी दोन मुले अशा घरात पाच-सात जुने चष्मे सहज निघतात. एखाद्याची दांडी तुटलेली असते, एखाद्याच्या काचेवर ओरखडे असतात, तर एखादा अगदी नव्यासारखा असतो. मग दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी विचारते, "हे सगळे टाकायचे कुठे?"

शाळेच्या पालक-शिक्षक बैठकीत अशी सूचना आली होती, की मुलांनी घरोघरचे जुने चष्मे गोळा करावेत आणि शाळेने ते गरजूंना वाटावेत. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. ती हाती घेण्याआधी आम्ही विज्ञान विभागाच्या शिक्षकांनी या विषयाची माहिती जमवली. चष्म्याच्या काचा कशाच्या असतात, त्या वितळवून पुन्हा वापरता येतात का, दुसऱ्याच्या डोळ्यांना चालतात का आणि शेवटी कचऱ्यात टाकायच्या तर कुठल्या डब्यात, हे प्रश्न आम्ही घेतले. मिळालेली उत्तरे आणि त्यावरून आमचे जे मत झाले ते विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या सर्वांपुढे ठेवत आहोत.

काच, पण काचेची नव्हे

आपण सवयीने 'चष्म्याची काच' म्हणतो. आज आपल्या वर्गांत दिसणाऱ्या बहुतेक चष्म्यांत मात्र काच नसते, प्लास्टिक असते. आजोबांच्या काळी खरी काच असे. ती जड, नाकावर वळ उठवणारी आणि पडली की फुटणारी होती. खऱ्या काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट, तर नेहमीच्या प्लास्टिक भिंगाची सव्वापटीहून थोडी जास्त असते. म्हणून त्याच मापाचे प्लास्टिकचे भिंग जवळजवळ निम्म्या वजनाचे भरते.

हे नेहमीचे प्लास्टिक सी.आर.-३९ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या संशोधकांनी ते १९४० च्या सुमारास तयार केले. 'कोलंबिया रेझिन' या मालिकेतले हे एकोणचाळिसावे मिश्रण, म्हणून नावात ३९ आला. दुसऱ्या महायुद्धात ते विमानांसाठी वापरले गेले. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, त्याची चष्म्याची भिंगे निघू लागली.

दुसरा प्रकार पॉलिकार्बोनेटचा. ते हलके असते आणि आपटले तरी सहसा फुटत नाही, म्हणून लहान मुलांच्या आणि खेळाडूंच्या चष्म्यांसाठी ते सुचवतात. तिसरा प्रकार 'हाय इंडेक्स' भिंगांचा. नंबर मोठा असला तरी काच जाड दिसू नये म्हणून ती वापरतात. पावतीवर १.६०, १.६७ किंवा १.७४ असा आकडा दिसला तर तो या भिंगाचा अपवर्तनांक समजावा.

या सर्वांवर आणखी काही थर असतात. ओरखडे पडू नयेत म्हणून एक कडक थर, चमक कमी करण्यासाठी सिलिका, झिर्कोनिया यांसारख्या ऑक्साइडांचे अतिशय पातळ थर आणि पाणी व तेलकटपणा चिकटू नये म्हणून वरून आणखी एक. उन्हात काळ्या होणाऱ्या भिंगांत तसा रंग बदलणारे रसायन असते. दिसायला एकच पारदर्शक चकती, पण ती तीन-चार पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटवून बनलेली असते.

भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही

प्लास्टिकच्या दोन जाती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली थर्मोप्लास्टिक. ते तापवले की मऊ होते आणि गार झाले की पुन्हा घट्ट होते, गुळासारखे. पाण्याची बाटली, बादली, दुधाची पिशवी या जातीच्या. त्यांचा चुरा करून, वितळवून नवी वस्तू करता येते.

दुसरी थर्मोसेट. तयार होताना त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या-उभ्या कायमच्या जोडल्या जातात. एकदा भाकरी भाजली की ती पुन्हा पिठाचा गोळा होत नाही, तसे हे आहे. तापवले तर ते वितळत नाही, जास्त तापवले तर करपते. सी.आर.-३९ आणि बहुतेक हाय इंडेक्स भिंगे याच जातीची आहेत. म्हणून ती बाटल्यांसारखी वितळवून नवी भिंगे करता येत नाहीत. हा कोणाच्या आळसाचा प्रश्न नाही, पदार्थाचा गुणधर्मच तसा आहे.

पॉलिकार्बोनेट मात्र थर्मोप्लास्टिक आहे. ते वितळते. पण त्यावरचे थर त्यात मिसळतात, वेगवेगळ्या रंगछटा एकत्र होतात, आणि एका चष्म्यातून मिळणारा माल असतो अवघा काही ग्रॅम. शिवाय नुसते पाहून सी.आर.-३९ कोणते आणि पॉलिकार्बोनेट कोणते हे ओळखणे कठीण. कचरा निवडण्याच्या केंद्रात सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला दोन सेकंदांत ते कसे कळावे?

खऱ्या काचेच्या भिंगांना तरी बाटल्यांच्या काचेबरोबर वितळवता येत असेल, असे वाटते. पण चष्म्याच्या काचेची घडण बाटलीच्या काचेहून वेगळी असते. उन्हात काळी होणारी जुनी काच चांदीच्या क्षारांमुळे तशी होई. जुन्या बायफोकल चष्म्यांत खालचा वाचायचा तुकडा शिसे किंवा बेरियम असलेल्या काचेचा असे. असे तुकडे बाटल्यांच्या काचेत मिसळले तर ती काच बिघडते. त्यामुळे जुनी काचेची भिंगे घरी कुटू नयेत, घासू नयेत आणि बाटल्यांच्या पोत्यात टाकू नयेत.

चष्म्यातला खरोखर पुन्हा उपयोगी पडणारा भाग म्हणजे धातूची फ्रेम. स्टेनलेस स्टील, मोनेल, टायटॅनियम हे धातू वितळतात आणि त्यांना किंमतही येते. अडचण आहे ती प्रमाणाची. एक फ्रेम घेऊन अटालेवाल्याकडे गेलो तर तो ती हातातही घेणार नाही. काचा आणि नाकावरची प्लास्टिकची पॅड काढून शंभर फ्रेम एकत्र दिल्या तर गोष्ट वेगळी. शाळेने गोळा करण्याला अर्थ आहे तो इथे.

आपल्या हाती येण्याआधीचा कचरा

चष्म्याच्या दुकानात भिंग गोल चकतीच्या रूपात येते. तिचा व्यास साधारण ६५ ते ७५ मिलिमीटर असतो. कारागीर ती फ्रेमच्या आकारात घासून कापतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३,८५० चौरस मिलिमीटर येते. ५० मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर उंच भिंग पूर्ण आयत धरले तरी १,७५० भरते. म्हणजे चकतीचा निम्म्याहून जास्त भाग डोळ्यांसमोर येण्याआधीच चुरा होतो. घासताना पाणी सोडतात, म्हणून हा चुरा पाण्याबरोबर वाहतो. ते पाणी गाळून चुरा वेगळा केला नाही, तर प्लास्टिकचे बारीक कण सरळ गटारात जातात.

नव्या फ्रेममध्ये आधीच बसवलेल्या, कंपनीचे नाव छापलेल्या चकत्या सर्वांनी पाहिल्या असतील. त्यांना नंबर नसतो. फ्रेमचा आकार टिकावा एवढ्यासाठी त्या असतात, आणि आपली काच बसवताना काढून टाकल्या जातात. पुढच्या वेळी दुकानदाराकडून त्या मागून घ्या. चित्रकलेत, हस्तकलेत त्या उपयोगी पडतात.

यावरून एक लक्षात येते. एक चष्मा जास्त दिवस वापरला तर एका चष्म्याचाच नव्हे, त्यामागच्या चुऱ्याचाही कचरा वाचतो. फ्रेम धड असेल तर नंबर बदलल्यावर फक्त काचा बदलाव्यात. एकाच डोळ्याचा नंबर बदलला असेल तर एकच काच बदलून चालेल का, हे विचारावे.

जुना चष्मा दुसऱ्याला देता येतो का?

आता मूळ सूचनेकडे येऊ. चष्म्याची गरज किती मोठी आहे हे आधी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीची काही ना काही अडचण आहे. त्यांपैकी किमान १०० कोटींची अडचण टाळता आली असती किंवा तिच्यावर अजून उपाय झालेला नाही. पुष्कळांना तर साधा चष्मा पुरेसा आहे. आसाममध्ये चहाची पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा दिला, त्यांचे काम चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा फरक लहान नाही.

तेव्हा चष्मा देणे हे फार मोलाचे काम आहे. पण जुना चष्मा देणे हे तेच काम आहे का?

चष्म्याच्या चिठ्ठीवर किती आकडे असतात ते आठवा. उजव्या आणि डाव्या डोळ्याचा वेगळा नंबर. त्यात कुणाला दंडगोल नंबर, म्हणजे सिलिंडर, आणि तो किती अंशांत बसवायचा त्याचा अक्ष. याशिवाय दोन बाहुल्यांमधले अंतर, कारण भिंगाचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. हे सगळे जुळणारा दुसरा माणूस सापडणे कठीण. तीन टप्प्यांचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तो एका व्यक्तीच्या मापानेच बनवलेला असतो. न जुळणारा चष्मा घातला तर धूसर दिसते, डोके दुखते, पायरी चुकते. लहान मुलाला तर दुसऱ्याचा चष्मा कधीच देऊ नये. त्याच्या डोळ्यांची रीतसर तपासणीच व्हायला हवी.

२०१२ मध्ये नेत्रशास्त्राच्या एका नियतकालिकात या प्रश्नावर अभ्यास आला. संशोधकांनी दानात आलेले २७५ जुने चष्मे तपासले. त्यांतले फक्त ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. बाकीचे तुटलेले, ओरखडलेले किंवा कुणालाही न जुळणारे. निवडणे, धुणे, मोजणे, पाठवणे हा सगळा खर्च धरला तेव्हा एक जुना चष्मा गरजूपर्यंत पोचवणे नवा तयार चष्मा देण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग पडले.

याचा अर्थ सर्व दान व्यर्थ आहे असा नाही. लायन्स क्लबचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून ही संस्था दृष्टीच्या कामात आहे. जुने चष्मे घेऊन ते धुणारी, यंत्रावर नंबर मोजून प्रतवारी लावणारी तिची केंद्रे काही देशांत आहेत. कुणाला काय द्यायचे हे प्रशिक्षित माणसे ठरवतात. जिथे अशी व्यवस्था आहे तिथे चांगल्या स्थितीतला, साध्या नंबराचा चष्मा जरूर द्यावा. पण शाळेच्या पटांगणात टेबल मांडून, "घालून बघा, दिसते का?" असे म्हणत चष्मे वाटणे आम्हाला योग्य वाटत नाही. तुटका चष्मा दानपेटीत टाकल्याने आपला खण रिकामा होतो आणि तो निवडण्याचा, टाकण्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

प्रयोगशाळेत जुनी भिंगे

शाळेला मात्र जुन्या भिंगांचा उत्तम उपयोग आहे, आणि त्यासाठी ती दुसरीकडे पाठवण्याची गरज नाही.

काच की प्लास्टिक? भिंगावर नखाने हलकेच टिचकी मारा. काचेचा आवाज टणक येतो, प्लास्टिकचा बोदा. काच हाताला जास्त गार आणि जड लागते.

अधिक की उणे? भिंग हातभर अंतरावर धरा, त्यातून खिडकीची चौकट पाहा आणि भिंग हळूच उजवीकडे सरकवा. चौकट उजवीकडेच सरकताना दिसली तर भिंग उणे नंबरचे, म्हणजे अंतर्वक्र काम करणारे. उलट डावीकडे सरकली तर अधिक नंबरचे. आता भिंग चाकासारखे फिरवा. उभी रेघ तिरकी होऊ लागली तर त्यात सिलिंडर आहे.

नंबर किती? अधिक नंबरच्या भिंगाने समोरच्या भिंतीवर दूरच्या खिडकीची उलटी प्रतिमा पाडा. भिंग आणि भिंत यांमधले अंतर मीटरमध्ये मोजा. १ ला त्या अंतराने भागले की नंबर मिळतो. अंतर ०.४० मीटर असेल तर नंबर २.५०, अंतर अर्धा मीटर असेल तर २. दहावीच्या पुस्तकातले भिंगाचे सूत्र इथे हाती धरता येते.

दुर्बीण. आजीच्या वाचायच्या चष्म्याचे +१ नंबरचे भिंग पुढे आणि एखाद्या −५ नंबरच्या चष्म्याचे भिंग डोळ्याजवळ धरा. पहिल्याचे नाभीय अंतर १०० सेंटिमीटर, दुसऱ्याचे २०. दोन्हींमध्ये ८० सेंटिमीटर अंतर ठेवले की दूरची वस्तू पाचपट मोठी दिसते. पुढच्या भिंगावर मधोमध दोन सेंटिमीटर व्यासाचे भोक असलेला काळा कागद लावला तर प्रतिमा स्पष्ट येते. दुर्बिणीचा शोधही चष्म्याच्या कारागिरांच्याच हातून लागला. १६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरशी या चष्मे करणाऱ्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतःची दुर्बीण आकाशाकडे वळवली.

दोन सूचना कटाक्षाने पाळाव्यात. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. आणि अधिक नंबरची भिंगे उन्हात कागदाजवळ किंवा कापडाजवळ ठेवू नयेत, आग लागू शकते.

काचा काढलेल्या फ्रेमचाही उपयोग आहे. स्नेहसंमेलनातल्या आणि गणेशोत्सवातल्या नाटकात मास्तर, वकील, आजोबा यांना चष्मा लागतोच. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून रंगमंचावर ठेचकाळण्यापेक्षा रिकामी फ्रेम बरी.

शेवटी टाकायचे तर

कशालाच उपयोगी नसलेली भिंगे उरणारच. आपण इंदूरकर आहोत. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या सातही स्वच्छ सर्वेक्षणांत आपले शहर पहिले आले, शेवटच्या वर्षी सुरतेच्या जोडीने. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारचा कचरा वेगळा देण्याची सवय आपल्या मुलांना लहानपणापासून आहे. देवगुराडियाला वर्षानुवर्षे साचलेला कचऱ्याचा डोंगर २०१८ मध्ये हटवला गेला. तो पुन्हा साचू नये हे घरातल्या निवडण्यावरच अवलंबून आहे.

चष्म्यासाठी आम्ही असे सुचवतो:

१. फ्रेम आणि काचा मोठ्यांनी वेगळ्या कराव्यात. धातूच्या फ्रेमला कडेला बारीक स्क्रू असतो, तो सैल केला की काच निघते.

२. धातूची फ्रेम भंगारात द्यावी. एकटी देण्यापेक्षा शाळेत आणून द्यावी.

३. प्लास्टिकची भिंगे सुक्या कचऱ्यात द्यावीत. ती बाटल्या-पिशव्यांबरोबर प्लास्टिकच्या डब्यात टाकू नयेत, कारण बहुतेक भिंगे वितळणारी नसतात आणि वितळणाऱ्या मालात त्यांची भेसळ होते. शंका असेल तर गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

४. खऱ्या काचेचे भिंग, विशेषतः फुटलेले, जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहून, हाती द्यावे. कचरा निवडणाऱ्याचा हात कापू नये.

पुन्हा वापरता न येणाऱ्या पण जळू शकणाऱ्या सुक्या कचऱ्याचे पुढे काय होते, असे मुले विचारतील. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा उष्णता देणारा कचरा जमिनीत पुरण्यास मनाई केली आणि तो इंधन म्हणून वापरण्यास सांगितले. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमान असते, तिथे कोळशाबरोबर तो जाळता येतो. हा पुनर्वापर नव्हे, शेवटचा उपाय आहे. घरी किंवा गल्लीत चष्मे, फ्रेम जाळणे मात्र घातक आहे. ते कोणीही करू नये.

मोठ्या वर्गांतील काही विद्यार्थी आणि पालक कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. त्या कधीही बेसिनमध्ये किंवा शौचालयात टाकू नयेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा सुमारे १५ ते २० टक्के लोक लेन्स पाण्यात सोडून देतात असे आढळले. सांडपाण्यात त्यांचे तुकडे होतात, त्या गाळात बसतात आणि बारीक प्लास्टिक होऊन मातीत व पाण्यात पोचतात. एवढीशी लेन्सही सुक्या कचऱ्यातच टाकावी.

चष्मा जास्त दिवस टिकवण्यासाठी

सर्वांत सोपा उपाय हाच आहे. काच कोरडी असताना ओढणीने, शर्टाने पुसू नये. धुळीचे कणच ओरखडे काढतात. आधी पाण्याने धुवावी, थोडा सौम्य साबण लावावा, मग स्वच्छ मऊ कापडाने टिपावी. चष्मा काचा खाली करून ठेवू नये. मे महिन्यात बंद गाडीत काचेपुढे ठेवला तर तापून वरच्या थराला तडे जातात. नेलपॉलिश काढायचे द्रव काचेला लावू नये, पॉलिकार्बोनेट त्याने खराब होते. चष्मा दोन हातांनी काढावा, एका हाताने ओढला की दांड्या सैल होतात. डबी दप्तरात रोज असावी.

आमचा प्रस्ताव

विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत.

पहिली: कार्यालयाजवळ झाकण असलेली एक पेटी सावलीत ठेवावी. तिच्यात जुने चष्मे आणि सुट्या फ्रेम घ्याव्यात. आठवी-नववीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांची चार भागांत वाटणी करतील: नव्यासारखे धड चष्मे, प्रयोगशाळेसाठी भिंगे, भंगारासाठी धातू आणि सुका कचरा. धड चष्मे आम्ही कोणालाही थेट देणार नाही. नंबर मोजून, डोळे तपासून देणारी संस्था किंवा नेत्रतज्ज्ञ ते घेत असतील तरच त्यांच्या हवाली करू. घेत नसतील तर धड फ्रेम नव्या काचा बसवण्यासाठी ठेवू.

दुसरी: धातूच्या भंगाराचे जे काही पैसे येतील ते वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी यथाशक्ती भर घालावी. या निधीतून आपल्याच शाळेतल्या, ज्यांच्या घरी अडचण आहे अशा मुलांना तपासणी करून नवा चष्मा द्यावा. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही आहे. तिचा लाभ आधी घ्यावा आणि जिथे ती पोचत नाही तिथे आपला निधी वापरावा. नाव जाहीर करू नये.

तिसरी: वर्षातून एकदा सर्व वर्गांची साधी दृष्टितपासणी व्हावी. फळ्यावरचे दिसत नाही हे पुष्कळ मुलांना स्वतःलाही कळत नाही. वहीत चुकीचे उतरते, मागच्या बाकावर लक्ष लागत नाही, आणि आपण त्या मुलाला 'अभ्यासात कच्चा' म्हणून मोकळे होतो. त्याला गरज असते एका चष्म्याची, आणि तो त्याच्याच नंबराचा हवा.

पालकांना विनंती, की पेटीत तुटका चष्मा टाकला तरी चालेल, फक्त त्याला दान म्हणू नये. दान करायचे असेल तर नव्या चष्म्यासाठी निधीत रक्कम द्यावी. विद्यार्थ्यांनी या सुटीत घरातले खण तपासून एक यादी करावी: किती चष्मे निघाले, त्यांतले काचेचे किती, प्लास्टिकचे किती, अधिक नंबरचे किती, उणे नंबरचे किती. सुटीनंतर ही यादी आपापल्या वर्गशिक्षकांकडे द्यावी. सगळ्या याद्या मिळून जे आकडे येतील ते आम्ही पुढच्या अंकात छापू.